तिकीट अधिक दात

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज दुकानात आम्ही दोघं एका फ्लॉवरसमोर उभे. आमच्या ह्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि फ्लॉवर असा अलगद खाली ठेवला, जणू दुसऱ्याचं तान्हं मूल.
"आपल्या पैशांत किती होतात, माहितेय?"
माहीत नाही. सांगू नका. सांगितलंच. मागे रांग खोळंबलेली.
या देशात येऊन निम्मा हिवाळा सरला. हा माणूस अजून पगार इकडच्या पैशांत घेतो आणि खर्च तिकडच्या पैशांत करतो. मग रात्रीचं जेवण गोड कसं लागणार?

९ फेब्रुवारी, रविवार
जेवणाचं टेबल डुगडुगतं. सुतार बोलवावा तर टेबलापेक्षा सुतार महाग. ह्यांनी ऑफिसातून मिळालेलं एक निळं कार्ड पायाखाली सरकवलं.
"हे कशाचं हो?"
"असेल कुठल्या तरी क्लबाचं. आपण कुठे पोहायला जाणार?"
टेबल स्थिर झालं.
इथे बऱ्याच वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग. दूध, लोणी तिकडच्याहून स्वस्त — त्याचा गुणाकार मात्र घरात कुणी करत नाही! केस कापायचे पैसे ऐकून ह्यांनी माझ्याच हातात कात्री दिली होती. ऑफिसात लोकांनी विचारलं म्हणे, बरं नव्हतं का?
कापताना मी म्हटलं, तिकडे आपल्याला सगळं परवडायचं, कारण सुताराला, न्हाव्याला आणि भांडीवाल्या बाईला काहीच परवडत नव्हतं.
"लेख नंतर लिही. आधी कात्री नीट धर."

१६ फेब्रुवारी
हे फक्त डाव्या बाजूने चावताहेत. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, थंडी." थंडी नेमकी उजवीकडच्या एकाच दाढेत शिरली आहे.

१८ फेब्रुवारी
ऑफिसात ह्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने इथे एक दाढ वाचवून घेतली. आकडा ऐकून आले ते कोटही न काढता बसले. "एवढ्यात तिकडे स्कूटर येते." आता स्कूटरने जेवायचं कसं, ते विचारलं नाही. चेहराच तसा होता.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज महागणित सुटलं! मे महिन्यात तिकडचं तिकीट स्वस्त. तिकीट अधिक तिकडचा दात — बेरीज केली तरी इकडच्या एकट्या दातापेक्षा कमी. हे खूश. शोध लागल्यासारखे घरभर फिरले.
"आणि मेपर्यंत दाढेला काय सांगणार?"
"लवंग."
लगेच सासूबाईंना फोन. "आई, दात करायला येतोय."
"ये की. तुझा तो म्हातारा दातवाला आता बसत नाही, त्याची सून बसते. हात हलका आहे म्हणतात. मी नंबर लावून ठेवते."
मे महिन्याचा नंबर, फेब्रुवारीत! वर, "गादी काढते माळ्यावरची, उन्हात घालते." या वयात माळ्यावर चढू नका म्हटलं, तर, "शेजारच्याला चढवीन. तू ह्याला पेज दे."

६ मार्च, गुरुवार
सकाळी ह्यांचा उजवा गाल डोळ्यापर्यंत वर आलेला. अंगात ताप. पाण्याचा घोटही गिळवेना. मी कोट चढवला.
"अगं, मे —"
"आरशात बघा. त्या गालाला मे महिना दिसतोय का?"
दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कंपनीचं निळं कार्ड आणलंत?"
आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सुजलेल्या गालाने माणसाला नीट ओशाळताही येत नाही. मी एकटी बसने घरी, टेबल उचललं, कार्ड ओढलं, पुसलं, परत. पगारातून दरमहा काहीतरी कापतात म्हणून हे बोंबलत होते, ते याच विम्याचं. ऑफिसातल्या त्या माणसाने सांगितला होता तो विम्याआधीचा आकडा; ह्यांनी पुढचं ऐकलंच नव्हतं. आपलेच पैसे टेबलाखाली घालून आम्ही लवंग चघळत होतो!
दाताची डॉक्टर तरुण, पण धाक शाळेतल्या बाईंसारखा. "आणखी दोन दिवस घरी बसला असतात तर थेट मोठ्या इस्पितळात. हा पू खाली मानेत उतरतो." त्यांनी पू काढला, दाढ वाचवली, औषधं दिली.
आम्हाला भरावे लागले ते एका फ्लॉवरचे पैसे. गुणाकार मी केला. मोठ्याने.

७ मार्च
हे दिवसभर घोरताहेत. लग्नानंतर पहिल्यांदाच हा आवाज गोड लागला. ताप उतरला. टेबल पुन्हा डुगडुगतंय, डुगडुगू दे.

९ मार्च, रविवार
फ्लॉवर आणला. भाव न बघता.
नंतर सासूबाईंना फोन. "आई, दात झाला इथेच. जवळजवळ फुकट. आता काही काळजी नाही."
"बरं झालं बाई. सुटलास." मग, "तर सांगते त्या दातवालीला, नंबर नको म्हणून. गादी पण वर टाकायला सांगते. उगाच पसारा."
ह्यांनी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला.
मग म्हणाले, "नंबर राहू दे, आई. आता डाव्या बाजूला दुखायला लागलंय."

१० मार्च
मेची तिकिटं काढली, दोन. ह्यांनी आकडा पाहिला आणि गुणाकार केला नाही.
सकाळी जबडा उघडायला लावून मी टॉर्चने पाहिलं. डावीकडे एकही दात किडलेला नाही.