शून्य प्रवाशांचा थांबा

२ डिसें.
एसटी डेपोच्या पेजवर आज नवा नकाशा चढवला. कुठली बस कुठे आहे, कुठल्या थांब्यावर किती जण चढले, सगळं दिसतं. साहेब खूश. खाली पहिलीच कमेंट: 'बस नकाशात धावता, रस्त्यार खंय आसा?' लाइकचा अंगठा देऊन मोकळी झाले. मला पेज सांभाळायला ठेवलंय, बस सांभाळायला नाही.

४ डिसें.
डोकं फिरलं. नकाशात आमच्या गावच्या थांब्यावर, बसच्या शेडवर, सकाळी चढणारे शून्य. साहेब म्हणाले, "रिकामा फेरा. गावात वळायचंच बंद करू. तशी सूचना तयार करा."
रिकामा कसा? आई रोज त्याच बसने मासळी घेऊन बाजाराला जाते, वाडीतल्या बायकाही. पण त्या शेडवर उभ्या राहत नाहीत. खाली खाडीकडे रस्त्याकडेला मासळीच्या पाट्या मांडतात, बस तिथे थांबते. तो थांबा कागदावर नाही, म्हणून कंडक्टर मागच्या गावाचं तिकीट देतो, मोजदादही तिथेच होते. वर्षानुवर्षं असंच. "खाडीकडचा थांबा नकाशात घालू या," म्हटलं. "प्रस्ताव वर पाठवावा लागेल." वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं.

५ डिसें.
आईला सांगितलं, थोडे दिवस सगळ्या शेडवर उभ्या राहा, आकडा दिसू दे. ऐकेल तर शपथ.
"थंय आमका उभी रवाक देनत नाय. वास येता म्हणतत. तुका म्हायत नाय?"
खरंच नव्हतं. मला वाटायचं, चढ नको म्हणून खाली थांबतात. शेडजवळच्या घरांतले स्वतः दुचाकीने फिरतात, त्यांना वास नको, मासळी मात्र ताजी आणि दारात हवी! असा संताप आला. तरी म्हटलं, "जा गो आई. फेरो बंद झालो तर काय करतलंस?" रिक्षावाले पाट्या घेत नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

८ डिसें.
गेल्या सगळ्या शेडवर. मी ऑफिसात नकाशा उघडून बसलेली. बस फाट्यावर आली आणि… सरळ हायवेने पुढे! गावात वळलीच नाही. ड्रायव्हर बाबीला फोनवर झापलं. तर म्हणतो, "फाट्यावरसून खाली पाटी एकव दिसाक नाय. माका वाटला, आज मासळी गावाक नाय."
मासळी मिळाली नाही, होडी रिकामी आली की पाट्या नाहीत, पाट्या नाहीत की बस वळत नाही. ही यांची रीत. आणि शहाणी मी, बायकांना वर पाठवून बसले! शेडवर आजही शून्य.

९ डिसें.
कालची मासळी खारवून वाळत घातली. बस चुकली तेव्हा शेडजवळच्या घरांतले लोक हसले म्हणे. आईने आज माझा डबा भरला नाही.
साहेबांना सगळं सांगितलं. तेही हसले. "पाट्या बघून बस चालते? हे वर कळवू नका हं." बाबीला बजावलंय, उद्या शेडवर थांबायचंच.

१० डिसें.
पहाटे आई पाटी भरून निघाली, खाली खाडीकडे. म्हटलं, बाबीला सांगितलंय, वर जा.
"एकदा गेलव. परत नाय. तुमका आकडो व्हयो, आमका बस व्हयी."
खाली पाट्या दिसल्या, बाबी तिथेच थांबला. शेडवर शून्य.
दुपारी साहेबांचा मेसेज: 'सूचना टाकली का?' टाइप करून ठेवली आहे. 'प्रवाशांच्या अल्प प्रतिसादामुळे…' बटण अजून दाबलेलं नाही. आई बाजारातून यायची आहे.