नवरदेव उतरल्याशिवाय गाणं संपत नाही

लातूर,
बुधवार

प्रिय मित्र, क्लॅरोनेटसम्राट, लातूरद्रोही, हल्ली मुक्काम मुदखेड, श्री. भुजंग यास वैजनाथचा दीड हातांनी नमस्कार. (उरलेला अर्धा हात गुडघ्यावर आहे. का, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत, लेक लुंबिनी, रेल्वेतले जावई आणि त्यांच्या दारातला मोगरा हे सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. आमच्याकडे उज्वला ठीक आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे. तू लातूरचा नंबर दिसला की फोन उचलत नाहीस, म्हणून या वयात मला पोस्ट शोधत फिरावं लागतंय, हीही एक तक्रार लिहून घे.

मुख्य तक्रार गुडघ्याची आहे. भुजंगा, तुझ्या या मित्राला गेला आठवडाभर रोज घोड्यावरून उतरावं लागतंय. घोडा म्हणजे पेंटर लोकांचं उंच स्टूल. लोकांचं हे घोड्यावरून उतरणं लग्नात, आयुष्यात एकदा होतं आणि त्याचीच ते मरेपर्यंत हळहळ करतात. माझं दिवसातून किती वेळा होतंय ते मी मोजणं सोडलंय.

झालं असं, की आपला 'न्यू दिलनवाज ब्रास बँड' (यातलं 'न्यू' आता चाळिशी ओलांडून चष्मा लावायला लागलंय) पुन्हा उभा राहिला. डीजे आल्यापासून लाल कोट पेटीत पडले होते ते निघाले. वीरभद्र अप्पाचा ढोल जसाच्या तसा आहे, अप्पाचं पोट मात्र ढोलाच्या पुढे गेलंय, त्यामुळे टिपरू पोचायला जरा उशीर होतो. हे सगळं कशासाठी, तर लिंबाजी मास्तरांचे पुढचे चार दात हलतायत. डॉक्टर म्हणाला, काढावेच लागतील. आणि कवळीवर ट्रम्पेट वाजत नाही, हे तुला मी सांगायला नको. मास्तरांनी ते ऐकलं, घरी आले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दात हायेत तवर एक अल्बम करू." म्हातारी माणसं दात पडायच्या आधी चिक्की खाऊन घेतात. आपल्या मास्तरांना अल्बम हवा.

स्टुडिओ मास्तरांच्या भाच्याचा, सत्यमचा. खाली कोचिंग क्लास, वर स्टुडिओ. एरवी तिथं रिक्षावर फिरणाऱ्या जाहिराती आणि निवडणुकीची गाणी होतात. भिंतींना आवाज अडवायला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. अप्पा लिंगायत माणूस, पहिल्या दिवशी दारातूनच परत फिरला. ट्रे रिकामे आहेत हे त्याला एकेक दाखवावं लागलं. तरी तो भिंतीपासून हातभर लांबच उभा राहतो, त्यामुळे ढोल थेट माझ्या कानात.

सत्यमनं काचेपलीकडून अंगठा वर केला आणि मंडळी सुटली. चार मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. एका गाण्यातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. सत्यम काचेआड हातवारे करत राहिला. मास्तरांना वाटलं पोरगा नाचतोय, त्यांनी लय वाढवली. शेवटी अप्पाला लघवीला जाणं भाग पडलं म्हणून तो प्रकार थांबला. सत्यम बाहेर आला. "मामा, गाणं कुठंतरी संपवायचं असतंय." मास्तर खरोखर गोंधळले. "संपवायचं? नवरदेव उतरला का?"

तूच सांग, काय चुकलं त्यांचं? उभ्या हयातीत आपल्या बँडनं एक गाणं संपवलेलं नाही. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघाला की मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत वाजवायचं, तो उतरला की हात खाली. मुहूर्त टळो, भटजी ओरडो, मुलीचा मामा पाया पडो. मी वाद्याविनाचा माणूस, माझं काम सुपाऱ्या घेणं आणि नवरदेवाच्या बापाशी भांडणं. तरी एवढं शास्त्र मलाही माहीत आहे.

तर नवरदेव पाहिजे. सगळ्यांची नजर रिकाम्या हाताच्या माणसाकडे वळली. मला स्टुलावर चढवलं. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी (घरून आणली, तिचं पुढे सांगतो), कानाला हेडफोन, त्याच्या वायरी मुंडावळ्यांसारख्या गालावर. कट्यार नव्हती म्हणून सत्यमच्या पेचकसाला लिंबू खोचून दिलं. सत्यमनं खूण केली की मी उतरायचं, मी उतरलो की बँड थांबायचा. पहिल्यांदा मी पटकन उतरलो तर अप्पा खवळला, "येवडी घाई? मुलीकडचे काय म्हनतील?" दुसऱ्यांदा स्टूलच कलंडलं. तो आवाज अल्बममध्ये आहे, सत्यमला आवडला म्हणे. उज्वलाला गुडघा दाखवला तर म्हणते, "आपल्या लग्नात एकदाच उतरलात, तवाबी पाय मुरगाळून घेतलाच की." शेक वगैरे काही मिळाला नाही.

असो. अशी पाच गाणी झाली, सगळी वेळेवर संपली. सहावं अडलंय. सहावं म्हणजे ते पाठवणीचं, संथ. मास्तर सुरुवात करतात, दोन ओळी वाजवतात आणि ट्रम्पेट खाली घेऊन गप्प उभे राहतात. अप्पा काठी उचलून तसाच. मी घोड्यावर. मग मास्तर दाराकडे बघतात आणि पुढची ओळ धरतात. सत्यमनं विचारलं, मामा, मधी रिकामं का? म्हणाले, "श्वास घेतो." एवढा लांब श्वास पाण्याखाली जाणारा माणूसही घेत नाही. सत्यमनं कॉम्प्युटरवर ती जागा कापून टाकली आणि ऐकवलं. मास्तरांनी ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, "मधली जागा कुटं गेली? आनून ठेव." तेव्हापासून मला स्टुलावरून उतरूही देत नाहीत. म्हणतात, गाणं अजून झालंच न्हाई.

त्या जागेत काय वाजायचं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, अप्पाच्या ढोलालाही ठाऊक आहे. पण देवणीला माझ्या पुतणीच्या, पुनमच्या लग्नात पंगत बसली, मास्तरांनी हात खाली केला आणि तू एकटाच वाजवत राहिलास. चारचौघांत ते म्हणाले, "थांब म्हनलं की थांबावं. पिपाणी हाय का ती?" तू क्लॅरोनेट पेटीत घातलंस आणि उपाशीपोटी उदगीरची एसटी धरलीस. थांबता न येणारी दोन माणसं, आणि भांडण झालं ते थांबण्यावरून! यावर मी हसणार होतो, पण स्टुलावर तोल जातो.

तुला ये म्हणायला हे पत्र नाही. गुडघ्याचं कळवावं, एवढंच.

तुझा,
अजून न उतरलेला,
वैजनाथ

ता. क. हे पत्र मास्तरांच्या नकळत लिहितोय. (तिकीट त्यांनी चिकटवलं, पत्ता दोनदा वाचून पाहिला, पण ते वेगळं.)

ता. क. दुसरा. दात येत्या सोमवारी काढणार आहेत. मुदखेडहून शनिवारी सकाळी निघालास तर दुपारी पोचशील. मास्तर म्हणतात त्यांचं तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. हे ते मला रोज, मी न विचारता सांगतात.

ता. क. शेवटचा. देवणीच्या लग्नात सगळ्या बँडला टॉवेल-टोपीचा आहेर झाला. तुझा राहिला होता, कारण तू तोवर उदगीरच्या वाटेला लागलेला होतास. इतकी वर्षं आमच्या कपाटात होता. सोबतच्या पुडक्यात पाठवतोय. टॉवेलला लिंबाचा डाग पडलाय आणि टोपी माझ्या डोक्याने थोडी सैल केलीय, कारण आठवडाभर मी तिच्यातच नवरदेव होतो. आता माझ्याकडे दुसरी टोपी नाही, आणि बोडक्यानं घोड्यावर बसणार नाही असं मी मास्तरांना सांगून टाकलंय. पुडक्याची गाठ तेवढी त्यांनी पुन्हा घट्ट बांधली.