काळ्या डिस्कमधलं घर

३ मार्च २०२५, सोमवार. तळोदा

पोचलो एकदाचा. शहाद्याहून एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. वाटेत ऊस, केळी, मग सातपुड्याची निळी भिंत. अडुसष्टाव्या वर्षी पोरासारखं काचेला नाक लावून बसलो होतो. स्टँडवर दीपमाला घ्यायला आली होती. पिशवी हिसकावूनच घेतली आणि म्हणाली, नाना, एवढं काय भरी आनं? मी म्हटलं, अर्धी पेचकस-पान्यांनी भरलीय, अर्धी तुझ्यासाठी शेवेने.

दोन खोल्यांचं घर, पुढे दुकान. दुकान म्हणजे गेम खेळायचं. चार कॉम्प्युटर, चार खुर्च्या, वर कुरकुरणारा पंखा. माझा जावई पवन याने ते उभं केलं. आठ महिन्यांपूर्वी मोलगीच्या घाटात जीप उलटली आणि तो गेला. एकटीला झेपेना म्हणून पोरीने मला बोलावलं. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी पस्तीस वर्षं गेली. रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर हे सगळं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. दुकानाला मी पुरेन.

एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर वही ठेवून उपयोग नाही. या घराचा उंबरठा मी आज पहिल्यांदा ओलांडला. पोरीने डोंगरातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून सहा वर्षं आलो नाही. तो दोनदा काट्यावर बोलवायला आला, मामा, घरी चला म्हणाला. दोन्ही वेळा मी त्याला उभ्याउभ्याच परत पाठवला. आणि आज त्याची वायरींची टापटीप बघून तोंड भरून कौतुक करत होतो. मेल्या म्हशीला मणभर दूध.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि दही होतं. पोर दोनदा हसली. बरं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

दुकानाची रीत समजली. कॉम्प्युटर जुने, त्यांच्या पोटातली जागा मूठभर, विंडोज बसलं की भरली. आजचे गेम मात्र शंभर-शंभर जीबीचे. नेटवरून उतरवायला एकेकाला चार दिवस लागतात. म्हणून पवन सुरतेहून बाहेरच्या डिस्कवर गेम भरून आणायचा आणि त्या डिस्कवरूनच चालवायचा. म्हैस शेजारच्या गोठ्यात आणि धार आपल्या दारात, तसला प्रकार. डिस्कची वायर निळ्या तोंडाच्या भोकात घातली तर धार लागते, काळ्यात घातली तर थेंब थेंब. हे पवनने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलंय. हुशार होता पोरगा.

आणखी एक. कॉम्प्युटर प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो, तो तिचा पत्ता. ते अक्षर बदललं की गेमला आपलं घर सापडत नाही. चार नंबरच्या कॉम्प्युटरच्या काळ्या डिस्कवर पवनने चिकटपट्टी लावून ‘एफ’ लिहिलंय. जीप उलटली तेव्हा ही डिस्क त्याच्या शर्टाच्या आत होती. बाजाराच्या दिवशी तो ती मोलगीला न्यायचा, लॅपटॉपला लावून तिथल्या पोरांना गेम खेळू द्यायचा. एक कोपरा चेपलाय, पण चालते.

तिच्यात क्रिकेट आहे, घाटातल्या गाड्यांचा गेम आहे आणि एक शेतीचा. शेतीचा दीपमाला कुणाला खेळू देत नाही. दुपारी एक ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. तेव्हा ती तो उघडते आणि नुसती बघत बसते. पवनने त्यात कुडाच्या भिंतींचं घर बांधलंय, शेजारी मोहाचं झाड, दारात दोन खाटा. एका खाटेवर निळ्या शर्टातला त्याचा माणूस बसलेला. दुसरी रिकामी. तिच्यावर माउसचा बाण नेला तर नाव उमटलं: मामा.

मी विचारलं, हा मामा कोण? ती म्हणाली, तुम्हीच, नाना. दुसरा कोण ऱ्हाई? पवन म्हणायचा, मामा खऱ्या घरी येत नाहीत तर नाहीत, इथं तरी त्यांची जागा धरून ठेवू.

मागे जाऊन तोंडावर पाणी मारलं. ऊन फार आहे.

१० मार्च, सोमवार

काळी डिस्क टकटक वाजते. हा आवाज मी ओळखतो. आतली सुई थकली की असा येतो. आज जाईल की सहा महिन्यांनी, सांगता येत नाही. ती गेली तर पोरीकडे काय उरेल?

दीपमालाला म्हटलं, दुसऱ्या डिस्कवर नक्कल उतरवू. तिने मान हलवली. म्हणाली, नका हात लावू नाना, जसं शे तसं ऱ्हाऊ द्या.

 पण माझी आई बियाणं कधी एका मडक्यात ठेवायची नाही. अर्धं माळ्यावर, अर्धं चुलीमागे. एकाला कीड लागली तर पेरायला दुसरं हवं. ही साधी गोष्ट पोरीला कळू नये?

१३ मार्च, गुरुवार. होळी

दीपमाला काल मोलगीला गेली, पवनची आई तुळशीबाई हिच्याकडे. मुलगा गेल्यानंतरची पहिली होळी, सुनेने जायलाच हवं.

मी नक्कल केली. तिला न विचारता. सकाळी सातला तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर नव्या डिस्कवर उतरवायला लावली, चारला संपली. काट्यावरचा माणूस मी, दोन्ही डिस्कांचं वजन ताडून पाहिलं. जीबीला जीबी बरोबर. खूश झालो.

मग घोटाळा झाला. तीन नंबरवरची नक्कल काढून आधी चार नंबरला जोडली, काळी नंतर. नव्या डिस्कने ‘एफ’ पटकावला. काळीला मिळाला ‘जी’. शेतीचा गेम उघडला. घर आहे, मोह आहे, दोन खाटा आहेत. पवन नाही.

अक्षरं पुन्हा अदलाबदल केली. काळी पूर्ववत ‘एफ’ झाली. दोन खाटा, दोन्ही रिकाम्या. नव्या डिस्कवर पाहिलं, तिथेही तेच. शेतात शोधलं, विहिरीपाशी शोधलं. दार उघडं होतं, आत चूल होती. माणूस कुठेच नाही.

दीपमाला परवा येईल.

१५ मार्च, शनिवार

आली. हातावर होळीची राख होती, ती धुतलीही नाही, सरळ चार नंबरला जाऊन बसली. मी सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाण दोन्ही रिकाम्या खाटांवरून फिरवला आणि म्हणाली, नाना, तुम्ही त्याले दुसरांदा घरबाहेर काढं.

जेवली नाही. मीही नाही.

१७ मार्च, सोमवार

वीरसिंग म्हणून एक गिऱ्हाईक आहे, मोलगीकडचा, इथे कॉलेजला. तीन नंबरवर, म्हणजे माझ्या नकलेवर, घाटाचा गेम खेळत होता. मध्येच मला हाक मारून हसायला लागला. आबा, गेममा प्रवासी बी भरात का आते? वयनवर एक जन हात दाखाडी ऱ्हायना.

जाऊन बघितलं. घाटाच्या वळणावर निळ्या शर्टातला माणूस उभा. डोंगरात जीपसाठी लोक उभे राहतात तसा, एक हात वर. वीरसिंगने चेष्टेत गाडी त्याच्या अंगावर घातली. गाडी आपोआप बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वीरसिंग हसला नाही. पोरगा उठून गेला.

मी तिथेच उभा राहिलो. तो माणूस गाडीकडे बघत नव्हता. पडद्याबाहेर बघत होता.

१८ मार्च, मंगळवार

क्रिकेटमध्येही आहे. सगळे प्रेक्षक बसलेले, हा एकटाच उभा. हात वर.

दोन्ही डिस्कांवर आहे. एका गेममधून दुसऱ्यात फिरतोय. घर शोधतोय. पत्ता मी मोडला. अक्षर परत लावलं, पण बाहेर काढलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

दीपमालाला यातलं काही सांगणार नाही.

२० मार्च, गुरुवार

सांगायची गरजच नव्हती. तिने केव्हाच पाहिलंय. आज सकाळी चहा गाळताना सहज बोलावं तसं बोलली: जीप कितीही भरेल ऱ्हावो, घाटमा उभा माणूस कोनी सोडी जात नही. मी त्याले घर लई जास.

मी म्हटलं, बाई, तो गेम आहे. ती हसली. होळीनंतर पहिल्यांदा हसली.

दुकान बंद ठेवलं. दोन्ही डिस्का पिशवीत घातल्या, पिशवी माझ्या उशाखाली.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी एक वाजून वीस मिनिटं. जेवून जरा डोळा लागला. उठलो तर पिशवी उघडी.

ती चार नंबरवर आहे. काळी डिस्क लावलीय. घाटाच्या वळणावर तिने गाडी थांबवली, तो आत बसला, एवढं मी दारातून पाहिलं. तेव्हापासून ती हलत नाही. डोळे उघडे, पापणी लवत नाही. बाहेर चाळीस अंश ऊन आणि हात बर्फासारखे गार. हाका मारल्या, पाणी मारलं. डॉक्टरला फोन केला, निघतो म्हणाला.

पडद्यावर गाडी घाट चढतेय. चालवणारी बाई हिरव्या साडीत आहे. दीपमालाने आज हिरवीच नेसलीय.

दीड

डिस्क काढायला गेलो. कॉम्प्युटर म्हणतो, डिस्क वापरात आहे, काढू नका. तरी वायर थोडी ओढली. दीपमालाचा श्वास थांबला. खरोखर थांबला, छाती खाली गेली ती वर येईना. वायर परत खुपसली. तेव्हा श्वास आला.

म्हणजे ती तिथं आहे. वायर तोडली तर ती —

एक चाळीस

लाइट गेली. इन्व्हर्टर टुंय टुंय करतोय. वीस मिनिटं, फार तर. डॉक्टर नाही अजून.

गाडी तशीच चाललीय. तेच वळण पुन्हा. घर काही येत नाही. त्यांना घर सापडत नाही — मीच तर —

पवन रस्त्याकडे बघत नाही. माझ्याकडे बघतोय. रागावलेला असता तर समजलो असतो. रागावलेला नाही. काट्यावर उभा होता तसाच बघतोय.

कळलं मला. तो दोनदा आला होता. तिसऱ्यांदाही मलाच बोलवायला —

एक सत्तेचाळीस

तीन नंबरवर बसलो. माझी नक्कल लावली. तोच गेम, त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही शिरता येतं. वळणावर माझा माणूस उभा केला. पांढरी टोपी आहे त्याला, माझ्यासारखीच. मी निवडली नव्हती.

मी हात वर केला. गाडी येतेय. पोरीला उतरव रे बाबा. मी येतो. मी येतो तुझ्याबरोबर, तिला —

एक बावन्न

थांबली. हिरवी साडी उतरली. मी चढलो.

इकडे, खुर्चीत, दीपमालाची बोटं हलली. पापणी लवली. लवली!

उजवा हात लिहितोय. बाकी अंग माझं नाही. गार. तोंड उघडत नाही.

गाडी पवन चालवतोय. काही विचारत नाही. वळण संपलं — पुढे मोह दिसतोय — कौलं —

दीपमाला उठली. मला हलवतेय. नाना, नाना करतेय. इकडे ऐकू येतं, लांबून. माझ्या उघड्या डोळ्यांत बघतेय आणि किंचाळतेय. मी बरा आहे, हे तिला कसं —

रडतेय. हाई मेली डिस्क, म्हणतेय, मन्हा पवनले खादं, आते मन्हा बापले —

वहीकडे बघ. बाई, वहीकडे. ती बघत नाही. वाकली. तीन नंबरची वायर तिच्या हातात —

दीपू ओढू नको, आधी मला बाहेर