सोपानच्या खिशातली डबी

८ जानेवारी

फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर सातपूरच्या कंपनीतून तशीच एम. जी. रोडला. दुकानदाराला म्हटलं, सर्किट बनवत बसायला वेळ नाही, तयार पाहिजे. इकडे बोललं की तिकडे ऐकू आलं, बास. तो म्हणतो, "मॅडम, मग मोबाईल आहे की!" कपाळ माझं. मोबाईल लावून झालाय. तो बोलणाऱ्याचा आवाज ठेवतो आणि मागचा गलका गाळून टाकतो. अण्णांना गलकाच हवाय.

एक ब्लूटूथचं माईक-स्पीकर घेतलं. बघू.

१० जानेवारी, चांदवड

ब्लूटूथ मार्केटच्या भिंतीपलीकडे गेलंच नाही. मीच वेडी.

अण्णांनी जन्मभर या मार्केटात कांद्याचा पुकारा केला. एकेका ट्रॅक्टरपाशी थांबायचं, भाव बोलत जायचं, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला. आता पाटी-पेन्सिल. घर मार्केटला लागून आहे, पण लिलाव पलीकडच्या नव्या शेडात गेल्यापासून घरात काही ऐकू येत नाही. मागच्या खेपेला पाटीवर लिहिलं होतं, "बाजार मुका झाला." तेव्हापासून हे खूळ माझ्या डोक्यात.

१३ जानेवारी

नाशिकला रिपोर्ट दाखवले. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. परत आलंय. आता औषधं फक्त दुखू नये म्हणून.

आईला फोन केला. तिनं आधी सगळं परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्यांना सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

गाडीत अण्णांनी पाटी पुढे केली, "काय म्हणाले?" मी म्हटलं, ताकद यायला वेळ लागेल म्हणाले. मान हलवली त्यांनी. खिडकीबाहेर बघत बसले. इतकं सरळ खोटं मला बोलता येतं हे माहीत नव्हतं.

१६ जानेवारी, चांदवड

दुसरं आणलं, एफएमचं छोटं बोर्ड. नुसती घूं घूं आणि मधेच कुठली तरी गाणी. अण्णा हसले, म्हणजे खांदे हलले. शेवटी तयार जोडीच मागवली, एक पाठवणारं, एक घेणारं. जोडायला काही नाही, चार्ज करा आणि लावा. हे आधीच का नाही सुचलं.

२१ जानेवारी, चांदवड. रजा.

लागलं!! एक डबी सोपानच्या खिशात, तिचा बारका माईक कॉलरला. दुसरी आमच्या गच्चीच्या कठड्यावर, तिथून वायर खाली अण्णांच्या उशाशी, स्पीकरला. सोपान अण्णांच्या हाताखाली शिकलेला, आता पुकारा तोच करतो. डबी तळहातावर घेऊन म्हणतो, "ताई, एवढीशी? माझा आवाज मावल का हिच्यात?"

लिलाव सुरू झाला. ट्रॅक्टरचे हॉर्न, व्यापाऱ्यांची ओरड, सगळं घरात. अण्णा उठून बसले. बोटं मांडीवर भाव मोजत होती. मग पाटी घेतली, "घाई करतो. शेतकऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही." सोपानला दाखवली तर कान धरून उभा राहिला, एवढा मोठा बाप्या. आई तोंडाला पदर लावून हसत होती. किती दिवसांनी हसली.

२२ जानेवारी

आज ऐन लिलावात आवाज तीनदा गेला. सोपानच्या खिशातला मोबाईल डबीच्या बटणावर दाबला जायचा. अण्णांनी पाटी आपटली. दुपारी मी बटण चालू करून त्यावर काळी टेप गुंडाळली. रोज मापाऱ्याच्या खोलीत चार्जिंगला लाव म्हटलं, बाकी हातच लावू नको.

सोपान म्हणाला, "उन्हाळी कांदा सुरू झाला का अण्णांना मार्केटात आणू. खुर्ची टाकू मधोमध." माझ्याच्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं सगळं. ढसाढसा रडला. म्हटलं, अण्णांना कळता कामा नये. "माझ्या तोंडून? नाव नको ताई."

२९ जानेवारी

आईचा फोन. अण्णा दोन घास जास्त जेवतात. लिलावाच्या आधीच आंघोळ उरकून, टोपी घालून बसतात. टोपी! मी इकडे मशीनवर बसून रडले. सुपरवायझर म्हणाला, डोळ्यांत काही गेलं का? म्हटलं, हो.

२ फेब्रुवारी, चांदवड

लिहवत नाही, पण...

लिलाव संपला होता. मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत होते. स्पीकर चालूच. कपबश्यांचा आवाज आला, म्हणजे सोपान चहाच्या टपरीवर. कुणी तरी विचारलं, "अण्णा कसे हाय रे?" आणि सोपान म्हणाला, "काय सांगू. घशात परत आलंय. डाक्टरनी हात टेकले. घरच्यांनी अण्णांना सांगितलं नाय. त्यांना वाटतं, बरं होनार."

पिठाच्या हातानं धावले. वायर उपटली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोळे मिटलेले. लिलावानंतर त्यांचा डोळा लागतो कधी कधी. कधी कधी नाही लागत.

"अण्णा?" म्हटलं. हलले नाहीत.

३ फेब्रुवारी

सोपान येऊन उंबऱ्याबाहेरच बसला. "मला वाटलं, पुकाऱ्यासारखं जोरात बोललं तरच जातं." त्याला कशाला रागावू? टेप तर मीच लावली.

आई सारखी एकच म्हणते, "झोपले होते गं. मी बघितलं ना." बघितलं कुठं, ती तर विहिरीवर होती.

६ फेब्रुवारी

अण्णा जसेच्या तसे. वायर परत जोडायला लावली. आज लिहिलं, "सोप्या आज बरा बोलला." मला बरं वाटायला हवं. जेवतात कमी. आई म्हणते, थंडीनं.

१० फेब्रुवारी, चांदवड

उद्या अण्णांना घेऊन नाशिकला जायचंय. आई मागच्या दारी भांडी घासत होती, मी त्यांची पिशवी भरत होते. पाटी पुढे आली. "आता कशाला?"

म्हटलं, "डॉक्टरांनी बोलावलंय अण्णा. ताकदीचं इंजेक्शन द्यायचंय." आवाज नीट ठेवला मी. माझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मी पिशवीत टॉवेल घातला, काढला, परत घातला. त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि लिहिलं,

"बरं. येतो. पण आईला कळू देऊ नको."

काय कळू द्यायचं नाही, टपरीवरचं त्यांनी ऐकलं ते का, हे विचारायच्या आत पाटी पुसलेली. तेवढ्यात आई हात पुसत आत आली आणि म्हणाली, "काय चाललंय बापलेकीचं?" अण्णांनी तिच्याकडे बघून हात हलवला, काही नाही म्हणून. मीही म्हटलं, काही नाही.

उद्या गाडीत आम्ही दोघंच असू.