गुरुवारची खुर्ची

तीर्थरूप वन्सं यांना, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पाठीचं दुखणं कमी झालं हे वाचून बरं वाटलं. माझी तब्येत ठीक आहे. (तुमचा विश्वास बसणार नाही म्हणून सांगते: जेवते, औषधं घेते आणि जिना उतरताना कठडा धरते.) यजमानांचा खोकला कसा आहे? त्यांच्याबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, पण त्यांनी काय काय खाऊ नये एवढंच त्यांत होतं.

उत्तराला उशीर झाला, कारण मी कॉलेजात जायला लागले आहे. हसू नका. तुमचे भाऊ शिकवायचे त्याच कॉलेजात, समाजकार्याच्या एम.ए.च्या वर्गात. शिकायला नाही, शिकवायलाही नाही, रडायला. मुलांना खऱ्या माणसांच्या दारात पाठवण्याआधी मुलाखतीचा सराव द्यायचा असतो. त्यासाठी कुणाला तरी खोटा सेवार्थी व्हावं लागतं. (ज्याला मदत हवी असते त्याला कॉलेजच्या भाषेत सेवार्थी म्हणतात. इतकं भारदस्त नाव मिळाल्यावर निम्मं दुःख तिथंच संपत असेल.) आता तिथल्या मुख्य बाई म्हणजे आपली हुंदका. आठवते ना? दर गुरुवारी यांचे विद्यार्थी आपल्या घरी यायचे, त्यांतली दाराजवळच्या बुटक्या, बिनपाठीच्या मोड्यावर बसून रडणारी. वस्तीत काय पाहिलं ते सांगता सांगता तिचा आवाज जायचा, आणि मी आतून टॉवेल आणून द्यायचे. तिनंच मला गळ घातली.

ते गुरुवार काय होते, वन्सं! बाहेर चपलांचा ढीग, आत हे वेताच्या खुर्चीत, आणि मुलं जमेल तिथं. माझी शाळा सातवीत सुटलेली. पण धान्य निवडता निवडता मी सगळं ऐकायचे आणि रात्री यांचीच पुस्तकं वाचायचे. समजलं ते वाचलं, नाही समजलं तेही वाचलं. यांचा धडा एकच: सल्ला द्यायचा नाही, विचारायचं, आणि विचारल्यावर गप्प बसायचं. मुलांना हे शिकवलं ते ठीक, पण माझ्यावरही तोच प्रयोग. मी म्हणावं, "अहो, नळ गळतोय." यांनी पुस्तक बाजूला ठेवून, चष्मा काढून विचारावं, "तुला त्याबद्दल काय वाटतं?" मला काय वाटणार! प्लंबर बोलवावा असं वाटायचं. मग हे गप्प. मीही गप्प. बोलत फक्त नळ असायचा.

तर मला भूमिका मिळाली: एकटी राहणारी म्हातारी, कुणाशी बोलत नाही, जेवणावरची वासना उडालेली. पहिल्या दिवशी एका कुरळ्या केसांच्या मुलीनं बसल्या बसल्या मला "आजी, एखादा छंद लावून घ्या" म्हणून सांगितलं. मी भूमिका विसरले आणि म्हणाले, "बाळ, मला छंद खूप आहेत, पण तुझ्या बाईंनी मला गप्प बसायला सांगितलंय." वर्ग हसून लोळला आणि हुंदकानं मला वऱ्हांड्यात नेऊन समज दिली. (माझ्या टॉवेलात नाक शिंकरलेली मुलगी मला समज देते!)

दुसऱ्या दिवशी मी जिद्दीला पेटले. अशी रंगले की काय सांगू. दोन दोन दिवस चूल पेटवत नाही म्हणाले. खालची शेजारीण शिवणयंत्र चालवत बसते, पण वर येऊन मेले की जगले विचारत नाही, असंही म्हणाले. हे आपलं तोंडाला आलं म्हणून. त्या दिवशी एक मुलगी उशिरा आली, मागे बसली. हा सराव आहे हे तिनं ऐकलंच नव्हतं. आम्ही आता तिला लेटलतीफच म्हणतो. ती हळवी पोर दुसऱ्या दिवशी पत्ता काढून थेट खालच्या शिंपीणबाईकडे गेली आणि तिला शेजारधर्मावर अर्धा तास ऐकवून आली.

शिंपीणबाई! जिनं यांच्या आजारपणात रोज सकाळी डबा वर आणून ठेवला ती! संध्याकाळी वर आली, माझा शिवायला टाकलेला ब्लाउज न शिवताच कॉटवर टाकला, आणि म्हणाली, "घ्या. यंत्राचा आवाज होतो ना तुम्हाला? आणि मेलात की जगलात ते विचारायला आलेय. जगलाय, दिसतंय." तेव्हापासून अबोला. मी जिन्यात मुद्दाम खोकते, ती मुद्दाम यंत्र चालवते.

मग हुंदका त्या मुलीला घेऊन घरी आली, माफी मागायला. मुलीचा चेहरा एवढासा. म्हणाली, "आजी, त्या दिवशी सांगितलंत ते सगळंच खोटं होतं का?" आणि गप्प बसली. वन्सं, तशीच गप्प! हात मांडीवर, नजर माझ्याकडे, घाई नाही. कुणाकडून आलं ते मला लगेच कळलं. ती बोलेना, म्हणून मी बोलत सुटले. म्हटलं, शेजारणीचं खोटं, चुलीचं खोटं. पण संध्याकाळी मी यांच्या खुर्चीकडे पाठ करून बसते, ते खरं. हे गेल्यापासून जो येतो तो मी काय करावं ते सांगून जातो. मला काय वाटतं ते कुणी विचारत नाही. ज्या प्रश्नाला मी आयुष्यभर वैतागले, तो विचारणारा माणूस गेला.

ती मुलगी रडली नाही. रडली हुंदका. त्याच मोड्यावर. टॉवेल मात्र आता नवा आहे.

यजमानांना नमस्कार, नातवंडांना पापा.

तुमची,
वहिनी

ता.क. खालच्या बाईंचा अबोला सुटला. मी काही केलं नाही. नळ पुन्हा गळायला लागला आणि पाणी त्यांच्या कापडावर पडलं. भांडायला वर आल्या आणि जेवूनच गेल्या.

ता.क. घर विकून तुमच्याकडे राहायला यायचं की नाही, हे तुम्ही विचारलं नाहीत. कधी यायचं तेवढं विचारलंत. खोलीत ऊन येतं, डॉक्टर जवळ आहे, सगळं वाचलं. मला नाही म्हणायचं नाही, हो म्हणायचंही नाही. तुम्हीच चार दिवस इकडे या. मला काय वाटतं ते एकदा विचारा आणि मग गप्प बसा. मी काय म्हणते ते मला ऐकायचं आहे. मलाही अजून माहीत नाही.

ता.क. गप्प बसणं जमणार नसेल तर यजमानांना पाठवा. त्यांचा सराव लग्नापासूनचा आहे.

ता.क. कोणीही आलं तरी मोड्यावर बसू नका. खुर्चीतच बसा. मी पुसून ठेवली आहे.