धुक्यात कुत्र्याचं नाव

कात्रप, बदलापूर (पूर्व)
ऑगस्ट १९९६

प्रिय नीलिमा,

सप्रेम जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला राग येईल. येऊ दे. सासूचं पत्र आहे, फाडायचं तर फाड, पण आधी वाच. माझा जयदेव गेला त्याला या श्रावणात सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून तू या घराची पायरी चढली नाहीस. दारात उभी राहून म्हणालीस, आई, हा कुत्रा या घरात आहे तोवर मी इथे पाऊल टाकणार नाही. मी तुला अडवलं नाही आणि त्याला हाकललंही नाही. तू मनमाडला माहेरी गेलीस. दर चौदा एप्रिलला तुझ्या भावाचं कार्ड येतं, त्यात तुझी खुशाली असते. तेवढ्यावर मी वर्ष काढते.

इकडे मागच्या भातशेतीत बिल्डिंगा उठल्या. बिचारे बेडूक आता जिन्यात येऊन ओरडतात. परवा कामासाठी उल्हासनगरला गेले होते, रिक्षा कॅम्प नंबर तीनमधून तू कामाला जायचीस त्या जीन्सच्या कारखान्यावरून गेली. तिथूनच तर तू ते पिल्लू आणलं होतंस. रंगाच्या पाण्यात पडलेलं, पाय निळेशार, डब्याच्या पिशवीतून तोंड बाहेर. मी म्हटलं, अगं बाई, इथे माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि हे काय ध्यान उचलून आणलंस! जयदेव हसून हसून लोळला. पिल्लू पँटीचं बटण गिळून बसलं होतं म्हणून नाव ठेवलं बटण. पुढे त्याचं झालं बटण्या.

जयदेवच्या मोरिवलीच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी. पाऊस असला की लोक अंगावर पांघरूण ओढून घेतात, तुम्ही दोघं निघायचात. बटण्या तुमच्याआधी दारात. कोंडेश्वरच्या पलीकडच्या त्या रानात डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली कौसाबाईची दोन कुत्रीही मागे लागायची. संध्याकाळी सगळे चिखलाने माखून परत, घरभर ओल्या कुत्र्याचा वास, आणि मी कडकड बोटं मोडायचे. या पोराला कोरड्या दिवशी फिरायला काय होतं, असं मी तुला विचारायचे. तू म्हणायचीस, आई, एकदा या तर खरं.

तो नियम तुला मी सांगायला नको. धुकं उतरलं की रानात माणसाला नावाने हाक मारायची नाही, कुत्र्याला मारायची. हे कौसाबाईकडून शिकला तो. ती म्हणायची, धुक्याला माणसाचं नाव कळू देऊ नये. जयदेवचा कसला भुताखेतावर विश्वास! पण त्याला ते पटलं होतं. म्हणायचा, माणसाचा आवाज धुक्यात कुठून येतो ते कळत नाही, पण कुत्र्याला हाक मारली की तो भुंकतो, आणि तो भुंकेल तिथे माणूस असतोच. तुझ्याकडून त्याने कबूल करून घेतलं होतं. चुकून नाव घेतलंस तर ओ द्यायचा नाही, फुगून बसायचा.

त्या शुक्रवारी तू तो नियमच पाळलास, नीलिमा. ओढ्याला पाणी किती आहे बघून येतो म्हणून तो पुढे गेला, बटण्या त्याच्याबरोबर. धुकं दाटलं. तू बटण्याला हाक मारलीस, खालून भुंकणं आलं. तू परत मारलीस, परत भुंकणं. तिसऱ्यांदा जीव तोडून ओरडलीस आणि तो आज्ञाधारक मुलासारखा धावत तुझ्याकडे आला. शेपूट हलवत, भिजलेला. मग खालून काहीच आवाज येईना. तू त्याला परत पाठवायला बघितलंस, पण पावसात त्याला वास लागेना, तो तुझ्याच भोवती फिरत राहिला. वाडीतल्या माणसांना जयदेव दुसऱ्या दिवशी कातळाखाली सापडला.

तुला वाटतं, जयदेवच्या नावाने ओरडले असते तर कुत्रा तिथेच बसून भुंकत राहिला असता. कौसाबाई म्हणते, डोक्यावर लागलं होतं, पोरगं पडल्या पडल्याच गेलं. काही दिवस मला ते खरं वाटतं, काही दिवस नाही. खोटं कशाला बोलू? पण एवढं मला कळतं की तू त्याचंच ऐकलंस. आणि त्या मुक्या जनावराने तुझं ऐकलं. यात गुन्हेगार कोण, तूच सांग.

आता एक गोष्ट सांगते, आजवर कुणाला सांगितलेली नाही. तू गेल्यावर पुढच्या पावसाळ्यात बटण्या दर शुक्रवारी सकाळी दारात जाऊन बसायला लागला. एकदा मी वैतागून साडी खोचली, प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतली आणि म्हटलं, चल मेल्या, दाखव तुझं रान. मला खरं तर तो कातळ बघून त्याला शिव्या घालायच्या होत्या. घातल्या. पोटभर रडले. आणि मग बाई, काय सांगू! पाऊस थांबला होता तरी सागाच्या पानांवरून थेंब पडत होते, टपटप, टपटप. चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. कुठेतरी गुराची घंटा वाजत होती. कौसाबाईची कुत्री धुक्यातून येऊन अंग झटकायची, मला पुरती भिजवून परत गायब. कौसाबाईच्या चुलीपाशी गवती चहा प्यायले, तिन्ही कुत्री शेजारी, त्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या. मला मजा आली, नीलिमा. ज्या रानाने माझा मुलगा खाल्ला तिथे मला मजा आली. लाज वाटली स्वतःची. तरी पुढच्या शुक्रवारी परत गेले. तेव्हापासून दर पावसाळ्यात गेले. तो का जायचा हे मला त्याच्या पाठीमागे कळलं, तो असताना कळलं असतं तर आपण तिघं गेलो असतो.

आता पत्र कशाला लिहिलं ते. गेल्या आठवड्यात बटण्या गेला. म्हातारा झाला होता, चार दिवस पाणीही घेतलं नाही. कौसाबाईच्या मुलाने वाडीच्या वर खड्डा खणून दिला. घर रिकामं आहे. तुझी अट संपली, ये, एवढंच लिहिणार होते. पण बसले आणि भीती वाटली. तो होता तोवर मला एक आधार होता. शेजारी विचारायचे, सून का येत नाही? मी म्हणायचे, कुत्र्यावर रागावलीय. मीही तेच धरून बसले होते. आता तू आली नाहीस, तर तो राग कुत्र्यावर नव्हताच, माझ्यावर होता, हे मला कळेल. मग मी शेजाऱ्यांना काय सांगू, पोरी?

तुझीच,
आई