सत्तारभाऊच्या पोराची बारात

शुक्रवार, राजुरा. मगरिबनंतर.

आमच्या बँडपार्टीचे मालक सत्तारभाऊ आज घरी आले. म्हणाले, "पोराच्या बारातीत वर्दी घालून पुढं उभा राह्य. क्लॅरिनेट फक्त तोंडाले लाव, वाजवू नोको. लाइन भरलेली दिसली पाह्यजे."

लाइन भराले कोणालेबी उभं करतात. पण मले?

कोरोनात हेच भाऊ आम्हाले सांगत होते, "सुई घेतली का फुंक जाते." मी ऐकलं. सुई नाई घेतली. मंग बिमारी आली आन् फुंकच घेऊन गेली. आता नळावरून बालटी आणली तरी दम लागते.

आन् भाऊ सोता गुपचूप गडचिरोलीले जाऊन दोन्ही सुया घेऊन आले होते! काल त्यायच्या बायकोनंच सांगितलं. सुईनं बँडची पोरं तापात पडली तर लग्नं कोण वाजवंन, एवढीच त्यायले फिकीर.

मी हो म्हणलं. चहाबी पाजला. काऊन नाई पाजाचा?

मंडपापाशी सारे बाजे चूप होतात, एकटी क्लॅरिनेट वाजते. तो तुकडा माझा होता. तवाच मी खरंच फुंकीन. जे घरघर निघंन ते साऱ्या पाहुण्यायले ऐकू दे. भाऊ डोळे वटारतीन. मंग मोठ्यानं म्हणीन, "काऊन भाऊ? सुई तर मी घेतलीच नोती."